आधी पोराची

गेल्या वर्षी शाळेत सिकलसेलच्या रक्ततपासणीचा कॅम्प झाला, तेव्हा निकालाचा कागद न्यायला शेजारच्या निशाचं नाव माइकवर पुकारलं. नुसती वाहक निघाली होती, पोरगी ठणठणीत. पण दिवेलागणीपर्यंत गावभर झालं आणि तिचं जमलेलं लग्न मोडलं. दुसऱ्या दिवशी मंगला केळीच्या बागेत हरण्या रोग लागलेल्या झाडांना लाल चिंध्या बांधत होती. चिंधी बांधलेलं झाड मजूर उपटून गाडतात. निशा आठवून मंगलाचा हात मध्येच थांबला.

म्हणून यंदा आरोग्य केंद्राची आशाताई रुपाली कॅम्पसाठी नावं लिहायला आली, तेव्हा मंगला दार अडवूनच उभी राहिली.

“माझ्या भूमिकाचं रक्त मिळायचं नाही.”

“सुईला भिता का वहिनी?”

“सुईला कोण भितं? तुमच्या माइकला भिते.”

रुपालीचा चेहरा उतरला. “चुकलंच ते. यंदा कागद बंद पाकिटात देणार.”

“पाकीट बंद. तोंडं?”

भूमिका आतून आली. येत्या सोमवारी तिचा साखरपुडा होता, तुकईथडच्या मयूरशी.

“आई, मामा कशानं गेला ते मला माहीत आहे. मी अन् मयूर दोघं वाहक निघालो, तर आमच्या पोराला तेच होऊ शकतं. एक बार जाँच करून घेऊ ना.”

मंगलाचा धाकटा भाऊ हाडं दुखतात म्हणून ओरडत गेला होता. घरच्यांनी बाहेरची बाधा म्हटलं होतं. मंगलाला एक पळवाट सापडली.

“बरं. आधी पोराची. ते हो म्हटले, तर तुझी.”

वरपक्ष हो म्हणायचा नाही, याची तिला खात्री होती. तिने तिथंच मयूरच्या वडिलांना, शालिग्रामना, फोन लावला.

“पोराची जाँच?” ते हसले. “विहीणबाई, आमच्या खानदानात असलं काही नाही. अन् निघालंच, तर धाकट्यांना पोरी कोण देणार? न बघितलेलं बरं.”

मंगलाला हायसं वाटायला हवं होतं. पण शब्द न् शब्द तिचाच होता. ‘आमच्यात असलं काही नाही’ असं तीही वर्षभर सांगत आली होती, तेही असल्याच घाईनं, असंच हसून. आणि तिच्या घरातून तर एक पोर गेलं होतं.

“दादा,” ती म्हणाली, “माझा भाऊ गेला त्यानं. तुमच्याकडं कोण गेलं?”

पलीकडे हसू थांबलं. पण फोन त्यांनी ठेवला नाही.

“मी उद्या तपासून घेते, पोरीलाही नेते. पोराला पाठवा. मग सोमवारी या, नाहीतर येऊ नका.”

दुसऱ्या दिवशी कॅम्पच्या रांगेत ती भूमिकाच्या पुढे उभी राहिली. रुपालीने वाकून हळूच नाव विचारलं.

“तू हळू विचार,” मंगला म्हणाली. “मी मोठ्यानं सांगते.”