शेवटच्या चित्रानंतरची टिंग

“अगं, टिंग कुठे गेली?”

नातीने कानांवरचे हेडफोन खाली ओढले. “कसली टिंग?”

“प्रत्येक चित्रानंतरची. तुझ्या आजोबांची.”

“ती होय! खरखरीबरोबर काढून टाकली. आता चित्रं आपोआप बदलतात, आजी. बघ तरी, तुझा आवाज कसला स्वच्छ झालाय!”

भिंतीवर पडलेल्या चित्रात एका बाळाच्या ओठांना चमचा लागलेला होता.

ही फिल्म केली तेव्हा आजी मुलांच्या वॉर्डात नर्स होती आणि आजोबा त्याच इस्पितळात फोटोग्राफर. एरवी ते जखमांचे आणि टाक्यांचे फोटो काढत. सिनेमाचा कॅमेरा इस्पितळाकडे नव्हता, म्हणून जुलाबाने सुकलेल्या एका बाळाची गोष्ट त्यांनी चाळीस स्थिर चित्रांत सांगितली. चित्रं फिल्मवर, निवेदन टेपवर. टिंग ऐकू आली की दाखवणाऱ्याने प्रोजेक्टरचा खटका फिरवून पुढचं चित्र आणायचं. निवेदन आजीचं. टिंग आजोबांची, औषधाच्या रिकाम्या बाटलीवर चमचा मारून काढलेली. सगळं इस्पितळ त्यांना टिंगमास्तर म्हणायचं.

“मूळ टेप लाव बरं.”

नातीचा चेहरा उतरला. “ती कॉपी करून झाल्यावर तुटली, आजी. नुसता गुंता झाला होता. मी टाकून दिली. आणि सफाई त्या कॉपीवरच केली.”

आजीने चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. चाळीस चित्रांत वॉर्ड होता, बाळ होतं, टोपी घातलेली ती स्वतः होती. आजोबा एकातही नव्हते. बोलतानाचा त्यांचा आवाज कुणी कधी टिपला नव्हता.

“थांब, थांब.” नात संगणकाच्या पडद्याशी वाकली. “काढून टाकलेला आवाज वेगळा ठेवायच्या पर्यायावर मी खूण केली होती बहुतेक… हं, आहे! पण यात तू नाहीस हं. नुसता कचरा आहे.”

“लाव.”

खरखर. टिंग. बराच वेळ खरखर. टिंग.

आजीचे ओठ हलू लागले. “पाणी उकळून गार करा,” ती पुटपुटली, “त्यात साखर, चिमूटभर मीठ…” वाक्य संपलं, तिने श्वास घेतला, मग टिंग.

“आजोबा जरा उशिराच वाजवतात, नाही?”

“नेहमी! ‘अहो, बोलून झालं की लगेच वाजवा,’ म्हणून मी किती ओरडायचे. तर म्हणे, ‘आधी श्वास घे, दमतेस.’ तुझी आई पोटात होती तेव्हा. सातवा लागला होता.”

नात एकेक चित्र टिंगबरोबर पुढे सरकवत राहिली. चाळिसाव्यात बाळ हसलं. आजीने शेवटचं वाक्य म्हटलं.

टिंग.

“इथे मात्र चुकले आजोबा,” नात हसली. “पुढे चित्रच नाही.”

“त्यावरूनही भांडले होते मी. खटका फिरवला की नुसता पांढरा पडदा यायचा. आणि बघायला आलेल्या बायका उठायच्याच नाहीत, अजून काही येईल म्हणून बसून राहायच्या.”

“मग एवढी एक काढू?”

“राहू दे.”

नातीने सगळ्या टिंग जागच्या जागी बसवल्या आणि फिल्म पहिल्यापासून लावली. शेवटची वाजली. भिंतीवर पांढरा उजेड पडला. दोघींपैकी कोणीच उठलं नाही.