उजव्या हाताचा बेस

"अन् हा पाहा, भाऊराव. हा तुमच्या हाताचा आहे," असं म्हणत गजाननने कपाटामागून तिसरा बेस बाहेर काढला, आणि भाऊराव सोमकुवर स्टुलावरून उठून उभाच राहिला.

सौंसरच्या बस स्टँडसमोर गजाननचं वाद्यांचं दुकान. हार्मोनियम, ढोलक्या, डीजेचे डबे यांवरच त्याचं पोट. चार जाड तारांची बेस गिटार तिथे वर्षाकाठी एखादी खपली तर खपली. म्हणून भाऊराव येणार म्हटल्यावर त्याने नागपूरच्या व्यापाऱ्याकडून तीन आणून ठेवल्या होत्या. पसंत पडेल ती घ्यायची, बाकीच्या परत. तिन्ही कोऱ्या करकरीत, पण घडण जुन्या जमान्याची: गोलसर अंग, तारांखाली मलई रंगाची पाटी, वर जाडजूड चकचकीत खुंट्या. तसंच रूप हवं, ही गायन पार्टी चालवणाऱ्या श्रीकांतची अट होती. खऱ्या जुन्या बेसची किंमत ऐकली की माणूस दुकानाची पायरी उतरतो. ही नक्कल पंधरा हजारांच्या आत बसत होती.

पहिले दोन बेस उजव्या हाताचे होते, एक आकाशी निळा आणि एक कडेला काळपट होत गेलेला तपकिरी. तिसरा डाव्या हाताचा. "नागपुरात दोन वर्षांपासून लटकून होता म्हणे," गजानन म्हणाला. "कोणी घेत नाही. गाडीत टाकून देला त्यानं. मी म्हटलं, भाऊराव येऊन राहिले, हौस म्हणून तरी वाजवतीन."

भाऊराव डावखुरा. शाळेत मास्तरांनी त्या हातावर पट्ट्या मोडल्या, पण जित्याची खोड ती. श्रीकांतच्या पार्टीत तो सत्तावीस वर्षं बेस वाजवत आला, तो उजव्या हाताचा बेस उलटा धरून आणि तारा उलट्या चढवून. असा उलटा धरला की आवाजाची बटणं कोपराखाली येतात. ऐन गाण्यात कोपर लागायचं आणि आवाज बसायचा. शेवटी त्याने पंपाच्या वायरींना लावतात ती काळी टेप बटणांवर गुंडाळून टाकली होती. पांढुर्ण्याच्या नगरपालिकेत पाण्याच्या पंपावर नोकरी, त्यामुळे टेपला तोटा नव्हता. कानही त्याचा तिथेच तयार झालेला. मोटर कोरडी चालू लागली की त्याला रस्त्यावरून कळायचं.

त्याने डाव्या हाताचा बेस मांडीवर घेतला. सगळं जिथल्या तिथे होतं. बटणं खाली, बोटं पोहोचतील तिथे खाच, जाड तार वर. त्याने एका भीमगीताची चाल धरली, मग दुसऱ्या. गजाननने गल्ल्यावरचं रेडिओचं बटण फिरवून बंद केलं. समोरच्या रसवंतीवाल्यानेही मान वळवली. छप्पन वर्षांच्या भाऊरावला भर दुकानात हसू फुटलं आणि ते त्याने दाबलं नाही.

"गजाननभाऊ, हाच बांधा."

"मस्करी नका करू."

"मस्करी कायची? हाच पाह्यजे."

"अन् मंग अमोल कसा वाजवीन?" गजानन हसतच म्हणाला.

भाऊराव त्याच्याकडे पाहत राहिला. अमोल भाऊरावचाच मुलगा. एकुलता एक.

"परवा आल्ता न तो, श्रीकांतभाऊंसंगं," गजानन पुसायचं फडकं शोधत सांगत होता. "हे दोन्ही गळ्यात घालून फोटो काढले. निळा लय आवडला त्याले. मी म्हटलं, घेऊन टाक बावा. तं म्हणे, आवाजातलं बाबालेच समजते, शनवारी तेच येऊन निवडतीन. बाकी तुमचं कौतुक आहे, भाऊराव. जागा आपल्या हातानं पोराले देली. नाही तं लोक मरेपर्यंत माईक सोडत नाहीत."

दुकानात पंखा फिरत होता. भाऊरावच्या मांडीवर अजून तोच बेस होता आणि त्याचं एक बोट तारेवरच राहिलं होतं.

"हो न," तो म्हणाला. "किती दिवस वाजवाचं माणसानं."

सोमवारी श्रीकांत घरी आला होता. खांद्यावर हात ठेवून म्हणाला होता, "भाऊ, तुह्या बेसची मान पार वाकली आता. सौंसरले जा, तुह्या पसंतीचा घेऊन ये. तुह्या कानाले इचारल्याबिगर पार्टीत ढोलकीची दोरी येत नाही." हे बोलणं चाललं तेव्हा अमोल त्याच खाटेवर बसून मोबाइलमध्ये डोकं घालून होता. बायकोने, वत्सलाने, श्रीकांतला दोनदा चहा विचारला होता. भाऊराव त्या रात्री खुशीत जेवला. आज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून, लग्नाला निघाल्यासारखा तो बसमध्ये बसला होता. आपलाच गळा कापायची सुरी आपणच पारखून आणावी आणि वर दुकानदाराने शाबासकी द्यावी, अशातली गत झाली. त्याला गजाननचा राग आला नाही. त्या बिचाऱ्याला वाटलं, बापाला ठाऊक असणारच. बापाला ठाऊक नाही असं कोणत्या घरात असतं?

"मंग उजव्यातलाच पाहा," गजानन म्हणाला.

भाऊरावने डावा बेस खाली ठेवला आणि निळा उचलला. उजव्या हाताचा बेस उलटा धरूनच तो प्रत्येक तारेवरून, मानेवरच्या प्रत्येक पडद्यावरून एकेक सूर काढत गेला. सातव्या पडद्यावर बारीक तारेचा सूर निघाला आणि लगेच मेला. त्याने पुन्हा वाजवला. पुन्हा मेला. दिसायला बेस देखणा होता, पण हा एक सूर त्यात नव्हताच, आणि तो सूर पार्टीच्या निम्म्या गाण्यांत लागायचा.

हाच न्यावा, असं त्याच्या मनात आलं. पोराला आवडलेलाही हाच. रंगमंचावर उभा राहील, फोटो छान येतील, आणि ऐन कडव्यात सूर घशातच राहील. श्रीकांत मागे वळून पाहील. त्या वेळी कळेल सत्तावीस वर्षं मागे कोण उभं होतं ते. हा विचार त्याला इतका गोड लागला की तो घटकाभर निळा बेस घेऊन तसाच बसला. गजाननने बिलाचं पुस्तकही उघडलं.

मग त्याने तपकिरी बेस मागितला. मान डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहिली. सगळे पडदे तपासले, वायर हलवून खरखर येते का ऐकलं. सूर भरदार होता, कुठे तुटत नव्हता. बेस थोडा जड होता, पण अमोलचा खांदा रुंद आहे.

"हा बांधा," तो म्हणाला.

परतीच्या बसमध्ये जामसांवलीच्या फाट्यावर शनिवारची हनुमानाच्या दर्शनाची गर्दी चढली. बेसची पिशवी पायांत उभी धरून भाऊराव खिडकीशी बसला. अमोल दहा वर्षांचा असताना त्यानेच त्याला शिकवायला घेतलं होतं. बाप डावखुरा, पोरगा उजवा. दोघं समोरासमोर बसले की आरशात पाहावं तसं व्हायचं, आणि अमोलला नुसतं पाहून वाजवता यायचं. वत्सला हसायची, म्हणायची, देवानं जोडी बरोबर लावली. ज्या दिवशी अमोलने पहिलं आख्खं गाणं न चुकता वाजवलं, त्या दिवशी भाऊरावने शेजारच्या चार घरांत पेढे वाटले होते. या पोराने "बाबा, आता मी वाजवतो" म्हटलं असतं तर त्याने नाही म्हटलं असतं का? त्याने बसमध्ये बसून स्वतःला हे खरं खरं विचारलं. चार दिवस तोंड फुगवलं असतं. पाचव्या दिवशी दिला असता.

पांढुर्ण्यात बुद्धविहारामागे श्रीकांतचं घर. पुढच्या खोलीत तालमीची तयारी होती. श्रीकांत हार्मोनियमपाशी बसला होता आणि अमोल वायरींची गुंडाळी सोडवत होता. भाऊरावने पिशवी उघडून बेस मधोमध ठेवला.

"वा! वा, भाऊ!" श्रीकांत गुडघ्यावर हात मारत म्हणाला. "रंग पाहा कसा आहे. आपल्या लहानपणच्या ऑर्केस्ट्रात असाच असे."

अमोल जवळ आला. बेसकडे पाहून तो बोलून गेला, "निळा नोहता का, बाबा?"

"होता," भाऊराव म्हणाला. "पण सातव्या पडद्यावर त्याचा सूर मरते. परवा तू वाजवून पाह्यला तवा तुले समजलं नसन."

अमोलच्या हातातली वायर हातातच राहिली. श्रीकांतने हार्मोनियमचा भाता बंद केला.

"भाऊ, मी आज सांगणारच होतो तुले," तो म्हणाला. "खरं सांगतो. आपले व्हिडिओ आता लोक पाहून राहिले. सगळ्यायच्या गिटारीची मान एकीकडे, तुही एकीकडे. लहान स्टेजवर बँजोवाल्याच्या छातीले लागते. कोणीतरी खाली लिवलं, ह्या काकानं गिटार उलटी धरली म्हणून. लोक हसतात, भाऊ. मले वाईट वाटे."

"मंग मले सांगाचं."

"तुह्या मनाले लागलं असतं."

"अन् आता लागलं नाही?" भाऊरावचा आवाज चढला नाही, पण फाटला. "जागा मागतली असती तं देली असती रे, श्रीकांत. पोरालेच तं द्याची होती. पण माह्याच हातानं निवडून घेतला तुमी."

"तुह्यासारखा कान दुसऱ्या कोणाचा आहे, सांग न?"

"हो. कान पाह्यजे होता. माणूस नोको होता."

अमोल भिंतीकडे पाहत होता. त्याचे डोळे भरले होते, आणि ते पाहून भाऊरावला बरं वाटलं. आपल्याला बरं वाटलं याचीही त्याला लाज वाटली. त्याने बेस उचलून पोराच्या गळ्यात घातला आणि पट्ट्याची कडी एक घर वर सरकवली.

"वजनी आहे. खाली लोंबू देशीन तं खांदा दुखन," तो म्हणाला, आणि चप्पल घालून निघाला.

घरी वत्सलाने त्याचा चेहरा पाहिला आणि तांदूळ निवडता निवडता हात थांबवला. "अमोल म्हणे, मी सांगतो, मीच सांगतो," ती म्हणाली. "म्हणून मी नाही बोलली."

"तुले कवापासून माहीत होतं?"

"पोळ्यापासून."

पोळा होऊन दोन महिने झाले होते. दोन महिने घरात अळीमिळी गुपचिळी, आणि तो रोज संध्याकाळी वाकलेल्या मानेचा बेस घेऊन तालमीला जात होता. त्याने जेवायचं ताट परत केलं नाही. जेवला, पंपावर गेला, दुसऱ्या दिवशीही गेला. अमोल समोर आला की तो बाजूला होई. पोरगा दोनदा "बाबा" म्हणून थांबला.

पुढच्या रविवारी रामाकोन्याला कार्यक्रम होता. भाऊरावला जायचं नव्हतं. "तुमी नाही गेले तं लोक पोराले इचारतीन, बाप कुठी आहे," वत्सला म्हणाली. "त्याचा पहिला कार्यक्रम आहे. चुकला तो. मीबी चुकली. पण चला." तिच्या शब्दाखातर तो गेला आणि मंडपात अगदी मागे, पुरुषांच्या सतरंजीच्या कडेला बसला. उन्हं अजून कलली नव्हती. बायका पोरांना घेऊन पुढे बसत होत्या. तपकिरी बेस रंगमंचावर खरोखर शोभत होता. सगळ्या माना एकाच दिशेला होत्या.

श्रीकांतने माइक हातात घेतला. वंदना झाली, पाहुण्यांचे हार झाले. मग कलाकारांची ओळख. ढोलकीवाल्याचं नाव झालं, टाळ्या. बँजोवाल्याचं झालं, टाळ्या. भाऊराव सतरंजीचा धागा बोटाला गुंडाळत होता.

"आणि बेस गिटारवर," श्रीकांत म्हणाला, "अमोल भाऊराव सोमकुवर!"

सत्तावीस वर्षं 'भाऊराव सोमकुवर' हे नाव कानी पडलं की भाऊराव एक पाऊल पुढे यायचा आणि लोकांना हात जोडायचा. आत्ताही तो अर्धा उठला होता आणि हात जोडले गेले होते. टाळ्या वाजू लागल्या होत्या. रंगमंचावर अमोल मान खाली घालून उभा होता.

शेजारी बसलेला पांढऱ्या टोपीतला म्हातारा मान वर करून भाऊरावकडे पाहू लागला. भाऊरावने जोडलेले हात खाली घेतले नाहीत. तो त्या म्हाताऱ्याकडे वळला.

"जय भीम, बावाजी," तो म्हणाला.

"जय भीम," म्हातारा म्हणाला, आणि त्याला नीट बसता यावं म्हणून थोडा बाजूला सरकला.