बॉल्टिमोरचा दोरा

तापलेल्या दगडांवर एक पळी पाणी. चर्र... चर्र, चर्र... चर्र.

अर्धाच भरलेला कॉफीचा कप.

सुपीरिअर सरोवरावर एप्रिल सरत आला तरी बर्फाचे तुकडे. धुक्यात ते गायींसारखे चरताना दिसतात.

शाळेच्या भिंतीवर देशाचा नकाशा, आणि लाल लोकरीचा गुंडा.

"बाबा, पाणी मी टाकू?" आइलीने विचारलं.

"नको. तू टाकलंस की दगडांना पडसं होतं," तोइवो कांगास वाफेतून म्हणाला.

शनिवारची सॉना, वाफेची अंघोळ. त्या लाकडी खोलीत वाफ इतकी दाटली होती की बापलेकीला एकमेकांचे फक्त गुडघे दिसत होते. तोइवोला वाफ आवडे. तिच्यात हात दिसत नाही. त्याचा उजवा हात हल्ली स्वतःच्या मनाने थरथरे, आणि आइलीला ते कळता कामा नये. निदान एक मेपर्यंत तरी नाही. एक मेला तिला निर्णय कळवायचा होता. डॉक्टर व्हायचं तर आधी चार वर्षं विज्ञानाची पदवी. दोन विद्यापीठांनी तिला घेतलं होतं. एक डुलुथचं, गाडीने तासाभरावर. दुसरं बॉल्टिमोरचं.

"डुलुथला प्राध्यापक नावानिशी ओळखतात म्हणे," आइली म्हणाली. "मार्कही बरे पडतील. दर शनिवारी घरी येता येईल."

"आणि बॉल्टिमोरला?"

"पहिल्याच वर्षी प्रयोगशाळेत घेतात. मेंदूवर काम चालतं तिथे." ती थांबली. "पण वर्गात सगळे माझ्याहून हुशार असणार."

"मग कंटाळा तरी येणार नाही." त्याने पळी ओतली. चर्र. चर्र, चर्र. "दर शनिवारी येऊन करणार काय? माझे मोजे धुणार?"

"तुझ्या मोज्यांना हात लावायला डॉक्टरच लागेल, बाबा."

दोघं हसली. तोइवोला वाटलं, आपण सरोवराच्या तळाशी बसलोय आणि डोक्यावरून कुणाची तरी होडी चाललीय, आवाज न करता.

*

शाळेची झाडलोट, बॉयलर, कुलपं, सगळं सव्वीस वर्षं तोइवोकडे. दर मेमध्ये शेवटच्या वर्गातली मुलं नकाशावर आपल्या गावापासून आपल्या विद्यापीठापर्यंत दोरा ताणत. जूनमध्ये ते दोरे तोइवो काढी. लांबचा दोरा ओढताना त्याला वाटे, पलीकडचं टोक कुणीतरी हलकेच धरून ठेवलंय. त्याचा स्वतःचा दोरा त्या भिंतीवर कधीच नव्हता. शाळा संपताच तो खाणीत गेला होता, आणि खाणीत जाणाऱ्यांना दोरा नसे.

"काय ठरलं पोरीचं?" शाळेच्या स्वयंपाकघरातल्या बर्निसने खिडकीतून विचारलं.

"तिचं तिला ठाऊक."

"आणि एकटा काय खाणार तू? डब्यातलं सूप?"

"तुझ्या हातचं खाऊन जगलो, तर सूपाने मरणार आहे का?"

बर्निसने त्याच्यापुढे कॉफी सरकवली. हल्ली ती त्याचा कप अर्धाच भरी. का, तो विषय दोघांनीही कधी काढला नाही.

*

एक मेच्या सकाळी मुलं आपापल्या विद्यापीठाचे सदरे घालून नकाशापुढे जमली. आइलीच्या अंगात आईचा राखाडी स्वेटर होता. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. काय ठरवलंय, ते आइलीने घरीही सांगितलं नव्हतं.

"बाबा, जरा इकडे ये. हे टोक धर. आपल्या गावावर."

तोइवोच्या डाव्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता. उजव्याच हाताने धरावं लागलं.

डुलुथ डावीकडे होतं, बोटभर अंतरावर. आइली गुंडा सोडत उजवीकडे चालू लागली. सरोवर गेलं, मिशिगन गेलं, ओहायो गेलं. नकाशाच्या पार कडेला ती थांबली. मधला सगळा दोरा बारीक थरथरत होता, वारा सुटण्याआधी पाणी थरथरतं तसा. ते थरथरणं तिच्या बोटांपर्यंत पोचलं. तिने दोऱ्याकडे पाहिलं, मग बापाकडे. तोइवो छताकडे बघत होता, जणू तिथला दिवा गेलाय.

"घट्ट धरलंयस ना?"

"धरलंय. तू टोच."

तिने टाचणी टोचली. मग परत आली आणि त्याच्या बोटाला खेटून दुसरी टाचणी टोचली. त्याने हात काढून खिशात घातला. दोरा स्थिर झाला.

मार्चमध्ये, विद्यापीठांची पत्रं येण्याच्या आधी, आइलीने शाळेच्या वाचनालयातून हातांच्या कंपावरचं एक पुस्तक घेतलं होतं. ते तिने मुदतीच्या दोन दिवस आधी परत केलं.