राजनंदिनीचा पायगुण

गहिनीनाथांच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मिरजगावात एवढी गर्दी एरवी बाजारच्या दिवशीच. ओट्यावर गोरक्षनाथबुवा लिंबं मांडून बसलेले आणि सगळ्यांचे डोळे खोलीतल्या कॉम्प्युटरवर. त्यावर नगरच्या बाजारातले कांद्याचे भाव दिसायला हवे होते, पण घरात नवी सून आल्यापासून नेट सारखं जात होतं.

"सूनबाई, त्या चिंचेच्या पल्याड जा," बुवांनी फर्मावलं.

राजनंदिनी मान खाली घालून निघाली. लग्न होऊन नुकतीच जामखेडहून आलेली पोर. ती चिंचेपलीकडे गेली, बुवांनी लिंबू कापलं आणि भाव झळकले. ती परत उंबऱ्याच्या आत आली, की नेट गुल! पुन्हा केलं, पुन्हा तसंच.

"व्हय की वो!" शेजारच्या छबूबाईंनी हात जोडले.

"पायगुन!" बुवा गरजले. "नेट म्हंजी वाऱ्यावरची विद्या. हिच्या पायातला शनी वाराच अडवतो! अवसेपोतर माहेरी धाडा."

सासू मालनबाईंनी पिशवी आधीच भरून ठेवली होती. नवरा रविराज भिंतीकडे बघत उभा. मी शाळेत विज्ञान शिकवतो, पण तोवर मीही मजाच बघत होतो. पोरीच्या डोळ्यांत पाणी दिसलं तेव्हा माझी मला लाज वाटली. तिच्या मुठीत मोबाईल होता.

"फोन इथं ठेव आणि तू एकटीच जा," मी म्हणालो.

ती गेली. बुवांनी एक लिंबू कापलं, दुसरं कापलं. नेट बंदच. मग तिला आत बसवून मी फोन चिंचेपलीकडे नेला. "आलं, आलं!" खोलीतून ओरड उठली.

"मंग शनी फोनात शिरलाय!" बुवा म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला.

मी कॉम्प्युटरची सेटिंग उघडली. वायफायचा डबा जोडलेल्या प्रत्येक यंत्राला वेगळा नंबर देतो, घराला घरनंबर असतो तसा. इथं कॉम्प्युटरला कुणीतरी हाताने नंबर पक्का करून टाकला होता आणि डब्याने नेमका तोच सुनेच्या फोनला दिला होता. एका नंबरची दोन घरं झाल्यावर पोस्टमन बिचारा काय करणार? चिंचेपलीकडे वायफाय पोचत नव्हतं; फोन घरात आला की मात्र कॉम्प्युटरचं टपाल अडकायचं.

"हा नंबर कुणी टाकला?"

"मीच, सर," रविराज पुटपुटला. "नेट पळतं म्हनून, व्हिडिओत बघून. ह्योच नंबर दुसऱ्याकडं बी हाय, असं स्क्रीनवर रोज येत हुतं. आबा चिडतील म्हनून मी ते बंद करायचो."

"अन् तिला जाऊ देत हुतास?" आबांनी, म्हणजे गहिनीनाथांनी, विचारलं.

राजनंदिनी उठली, पिशवी घेतली आणि स्वतःच चिंचेखाली जाऊन उभी राहिली.

नंबर द्यायचं काम मी पुन्हा डब्यावर सोपवलं. फोन आत आणला तरी भाव पडद्यावर तसेच. बुवा कधी सटकले ते कळलंही नाही. मालनबाई पदराने डोळे पुसत चिंचेखाली गेल्या.

"चल पोरी, आत चल."

"नेट चालू झालं म्हनून बोलावताय का, आत्याबाई?"

दोन गोष्टी एकदम घडल्या, म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं नसतं. एक बाजूला काढून पाहावी, मग बोलावं. इथं नुसता फोन बाजूला ठेवायचा होता. आम्ही माणूसच काढायला निघालो होतो.