हात बसला

"उस्ताद, हा परत आला." लॉन्ड्रीवाल्यानं राखाडी कोट रफूवाल्याच्या पुढ्यात टाकला.

"परत? माझ्याकडचं काम परत येत नाही."

"आलंय ना पण. बाई म्हणाल्या, याच्यापेक्षा भोक बरं होतं."

लॉन्ड्रीच्या दारातली अर्धी खिडकी रफूवाल्याची होती. एक खुर्ची, एक दिवा, सुयांचा डबा. त्यानं कोट मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि तर्जनी डाव्या खांद्यावरून सावकाश फिरवली. वडिलांनी शिकवलेली तपासणी हीच. रंग जुळला की डोळा फसतो, बोट फसत नाही. मिटल्या डोळ्यांनी बोटाला जोड सापडला नाही, की रफू झालं.

सापडला नाही.

"कुठंय? दाखवा की."

"डोळे उघडा, उस्ताद. रस्त्यापलीकडून दिसतंय."

त्यानं डोळे उघडले. खांद्यावर खपलीसारखा उंचवटा होता. उभे धागे एकमेकांवर चढलेले, आडवे ओढून कापडाला चुण्या पडलेल्या. त्यानं पुन्हा बोट फिरवलं, या वेळी बघत बघत. बोट उंचवट्यावर चढलं आणि पलीकडे उतरलं. ते डोळ्यांना दिसलं. बोटाला काहीच कळलं नाही.

"आणखीही एकदोघांनी तोंडं वाकडी केलीत," लॉन्ड्रीवाला आवाज उतरवून म्हणाला. "मी बोललो नाही. म्हटलं, उस्तादांना काय शिकवायचं."

गेले काही महिने रफूवाल्याचं प्रत्येक काम पहिल्या तपासणीत उतरत होतं. पूर्वी दोनदा, कधी तीनदा उसवावं लागे. एकदा जेवताना त्यानं बायकोला सांगितलंही होतं, "आता कुठं हात बसला बघ."

"आत्ता? मग इतकी वर्षं काय उभा होता?"

दोघं हसले होते. त्याच सुमारास ती त्याच्या सदऱ्याची बटणं लावून द्यायला लागली होती.

दवाखान्यात तीच त्याला घेऊन गेली. डॉक्टर वयानं लहान होती. तिनं त्याला पाय लांब करून झोपवलं.

"काका, डोळे मिटा. मी पायाचा अंगठा वर नेते की खाली, ते सांगा."

"तुम्ही सुरू केलंत की सांगतो."

डॉक्टरनं अंगठा आधीच तीनदा हलवला होता. बायकोनं खिडकीबाहेर पाहिलं.

"पित्ताच्या गोळ्या कधीपासून घेताय?" बायकोनं आणलेली औषधांची पाकिटं बघत डॉक्टरनं विचारलं.

"औषधवाला तरुण होता तेव्हापासून. आता दुकानात त्याचा जावई बसतो."

"कुणी सांगितल्या होत्या?"

"पित्तानं."

रक्ताचा अहवाल आला. बी ट्वेल्व्ह अगदी तळाला गेलं होतं. बायकोनं विचारलं, "मी वाढण्यात कमी पडले का हो?"

"नाही, काकू. ते जेवत होते, पण हे जीवनसत्त्व अंगी लागत नव्हतं. गोळ्यांनी पोटातलं आम्ल कमी होतं, आणि आम्लाशिवाय हे अन्नातून सुटत नाही. ते मिळेना, म्हणून नसांवरचं आवरण झिजत गेलं."

"त्याचं रफू होतं का?" रफूवाल्यानं विचारलं.

डॉक्टर हसली नाही. "इंजेक्शनं आजच सुरू करू. झीज थांबेल. थोडंफार परतही येईल. किती, ते आत्ता नाही सांगता येत. लवकर यायला हवं होतं, काका."

"दुखत नव्हतं," तो म्हणाला.

इंजेक्शनं सुरू झाली. कोटाच्या बाईंकडून लॉन्ड्रीवाल्यानं मुदत मागून घेतली. कोट त्यांच्या वडिलांचा होता आणि त्या स्वतः तो वापरत. दुसरा आणता येण्यासारखा नव्हता. रफूवाल्यानं तो घरी नेला. कोटाच्याच आतल्या शिवणीतून धागे काढले आणि भिंगाखाली, नुसत्या नजरेनं, काम पुन्हा धरलं. सुई कुठं टोचली ते रक्त दिसल्यावर समजे. कापडाला लागू नये म्हणून तो बोटं पुसत राही. तपासायला बायको समोर बसली.

"आहे," ती डोळे मिटून म्हणाली.

त्यानं उसवलं. पुन्हा भरलं.

"आहे अजून. किंचित."

पुन्हा उसवलं. भोकाच्या कडा विरत चालल्या होत्या. तिसऱ्यांदा तिनं बोट फिरवलं आणि ताबडतोब म्हणाली, "नाही. झालं."

तिचे डोळे हवे त्याहून घट्ट मिटलेले होते.

"नीट बघ."

"बघितलं ना."

"खोटं बोलतेस."

"मग बोलू दे की," ती म्हणाली. डोळे तिनं उघडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यानं कोट घडी करून काखेत धरला. पाय कुठं पडतोय ते बघत, भिंतीच्या कडेनं, तो बाजाराच्या दुसऱ्या टोकाला गेला. तिथं गावातला दुसरा रफूवाला बसे. यानं त्याचं नाव ठिगळ्या ठेवलं होतं आणि ते बाजारभर झालं होतं. आता गिऱ्हाइकंही त्याला ठिगळ्याच म्हणत.

"या या," ठिगळ्या म्हणाला. "रस्ता चुकलात का?"

"काम आणलंय."

ठिगळ्यानं कोट उजेडात धरला. खांद्याशी थांबला. "हे कुठल्या गाढवानं केलं?"

"मी."

ठिगळ्या पुढच्या वाक्याची वाट बघत राहिला. चेष्टा असणार, असं त्याला वाटत होतं. मग त्याचं लक्ष रफूवाल्याच्या बोटांकडे गेलं. टोकांवर बारीक, काळपट खपल्या होत्या.

"कापड दमलंय," ठिगळ्या म्हणाला. "पण निघेल."

त्यानं गिऱ्हाइकाचं स्टूल पुढं सरकवलं. कोट उलटा केला आणि बारीक चिमटा घेऊन मागच्या बाजूनं उसवायला लागला. धागा न कापता, एकेक अख्खा ओढून. कापड सरकत होतं. रफूवाल्यानं न सांगता दुसरं टोक धरलं.

असे काही धागे निघाले.

"जरा घट्ट धरा, उस्ताद," ठिगळ्या वर न बघता म्हणाला.

रफूवाल्यानं खाली पाहिलं. त्याचा अंगठा आणि बोट चिमटीत मिटलेले होते. कापड त्यांतून कधीच निसटून गेलं होतं.