सोड्याने धुतलेलं पाणी

उभी हयात लोकांचे कपडे पांढरेशुभ्र करण्यात गेली, आणि आता आपल्याच अंगणात हिरवंगार पाणी! अण्णांना ही स्वतःची बेअब्रू वाटत होती.

लॉन्ड्री विकून त्यांनी आणि माईंनी हे घर घेतलं ते मागच्या अंगणातल्या पोहण्याच्या हौदासाठीच. माईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. रोज कमरेएवढ्या पाण्यात चाला, मग शस्त्रक्रियेचं बघू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. माईंनी शस्त्रक्रियेचा धसका घेतलेला. पण तळ दिसत नाही अशा पाण्यात पाय घालायलाही त्या तयार नव्हत्या.

लेकीने तर निर्वाणीचं सांगून टाकलं होतं. "रविवारपर्यंत पाणी नितळ झालं नाही तर मी मातीची गाडी घेऊन येते. हौद बुजवू, वर गवत लावू. डास पाळायचे नाहीत मला."

"बुजवायला तो काय दाताचा खड्डा आहे?" माई फणकारल्या. पण रात्री त्या उशिरापर्यंत गुडघ्याला तेल चोळत बसल्या, आणि अण्णांनी हौद वाचवायचाच असं ठरवलं.

दोघं कामाला लागली. क्लोरीन माईंच्या ताब्यात. दिवसा टाकलं तर ऊनच ते खाऊन टाकतं, म्हणून त्या सूर्य मावळल्यावर मापाने टाकायच्या आणि पंप चालू ठेवायच्या. हिरवा रंग गेलाही. पण मागे राहिलं ते पांढुरकं पाणी, कुणी पिठाचा हात बुडवल्यासारखं. माईंनी क्लोरीन वाढवलं. पाणी हट्टाला पेटलेलं. वाढवलं, तरी ढिम्म.

अण्णा मात्र मनातून निर्धास्त होते. कारण माई उठायच्या आत ते रोज गुपचूप धुण्याचा सोडा हौदात टाकत होते. भट्टीत सोडा पडला की भलेभले डाग शरण यायचे. या पाण्याची काय बिशाद! आज नाही तर उद्या सुटेल मळ.

शुक्रवारी माईंनी कोपरापर्यंत हात बुडवून खालचं पाणी बाटलीत भरलं आणि अण्णांना घेऊन हौदाचं सामान विकणारीचं दुकान गाठलं. दुकानदारीणबाईंनी पाणी छोट्या नळीत ओतलं, वर लाल औषधाचे थेंब सोडले. नळी जांभळी झाली.

"क्लोरीन भरपूर आहे हो, पण नुसतं बसून राहिलंय," त्या म्हणाल्या. "पाण्याचा पीएच वर गेला की क्लोरीनचा जोर जातो. साडेसातच्या आसपास हवा, तुमचा आठाच्याही पुढे पळालाय. पाण्यात आणखी काही पडतंय का? चुना? सोडा?"

अण्णा टांगलेल्या रबरी बदकांकडे एकाग्रतेने पाहू लागले.

"अहो," माई म्हणाल्या. त्या एका शब्दात इतक्या वर्षांचा संसार होता.

"अगं, थोडासाच..."

"थोडासा म्हणजे केवढा?"

"हॉटेलच्या चादरींना लागायचा तेवढा."

"पाण्याने कपडे धुतात हो! तुम्ही पाणीच धुवायला काढलंत?"

दुकानदारीणबाई हसून हसून खुर्चीत बसल्या. मग त्यांनी आम्लाचा कॅन आणि तपासायची नळी व लाल औषध पुढे केलं, नळी नारिंगी व्हायला हवी म्हणून सांगितलं आणि बजावलं: पंप चालू ठेवून थोडं थोडं आम्ल पाण्यात घाला, आम्लावर पाणी कधीच ओतू नका, क्लोरीनच्या डब्याजवळही नेऊ नका. मध्ये काही तास थांबा, पुन्हा तपासा. क्लोरीन आता बंद. ऊन त्याला उतरवेल.

'थांबा' हेच अण्णांना जमण्यासारखं नव्हतं. शनिवारी संध्याकाळी नळीतला रंग जांभळ्याचा लाल झाला होता, पाणी मात्र अजून धूसर. कॅनमध्ये अर्धं आम्ल शिल्लक. सकाळी लेक येणार. सगळंच ओतलं तर? हात शिवशिवले. पण सोडाही असाच घाईने ओतला होता. त्यांनी फक्त ठरल्या मापाएवढं सोडलं, कॅन कुलपात ठेवला, किल्ली माईंच्या हातात दिली आणि गाळण यंत्राला उलटं पाणी देऊन त्यात अडकलेला गाळ काढत बसले.

रविवारी नळी हवी तशी नारिंगी झाली. क्लोरीनही आवाक्यात आलं होतं. लेक अंगणात शिरली तेव्हा माई कठडा धरून पायऱ्या उतरत होत्या. फाटकाबाहेर मातीची गाडी घरघरत उभी होती.

"त्या टोकाला अजून अंधुक दिसतंय," लेक म्हणाली.

"तळाशी पाणी जायची जाळी दिसते का ते बघ," अण्णा म्हणाले.

लेक काठावर वाकली. जाळीचं एकेक भोक दिसत होतं. मान न वळवताच तिने विचारलं, "आई, दुखतंय?"

माई कमरेएवढ्या पाण्यात पलीकडच्या भिंतीपर्यंत गेल्या आणि वळल्या. जमिनीवर प्रत्येक वळणाला निघणारं 'आई गं' या वेळी निघालं नाही.

"गार आहे," त्या म्हणाल्या. "बाकी काही नाही."

लेक उठली आणि गाडीवाल्याला परत पाठवायला फाटकाकडे गेली. माई थांबल्या नाहीत. पुन्हा चालू लागल्या.