चार बोटांची फट

प्लंबरचा हात मनगटापर्यंत आत गेला आणि अडकला. ओढून बाहेर काढला तेव्हा बोटांची सालटी निघाली होती.

"नाही जात. कमोडची टाकी आणि भिंत यांच्यात चार बोटांची फट, आणि नळीचा नट कोपरापर्यंत आत. तो सुटल्याशिवाय जुना कमोड निघायचा नाही. कुणी केलं हे शहाणपण?"

आईकडे न बघता मुलाने टाइल्सवरून हात फिरवला. शहाणपण त्याचंच होतं. बारा वर्षांपूर्वी पाइप दिसतात म्हणून त्याने कमोडच्या मागे आडभिंत घालून घेतली, वर टाइल्स लावल्या आणि आल्यागेल्याला मोठ्या कौतुकाने दाखवल्या. आता भोगा म्हणावं.

"ही भिंतच फोडा," तो म्हणाला.

"आत अख्ख्या इमारतीचा पाइप आहे. आधी परवानगी काढा. दोन दिवस कुठे गेले नाहीत."

दोन दिवस कुठले, दोन तासही नव्हते. चार वाजता बहीण गाडी घेऊन येणार होती. आईचे गुडघे गेलेले, त्यात हा जुना कमोड बुटका. मुलगा कामावर असताना गेल्या महिन्यात ती दोनदा त्यावरून उठू शकली नव्हती. दुसऱ्या खेपेला सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत तशीच बसून होती. तो आला तेव्हा आतून एवढंच म्हणाली, "दिवा लाव रे, काळोख झालाय." बहिणीला हे कळलं आणि तिने वृद्धाश्रमात जागा ठरवून टाकली. मुलाने हातापाया पडून एक सवलत मिळवली होती : उंच कमोड बसवतो, आई एकटी बसून एकटी उठली तर राहील. नाहीतर बॅग भरून दाराशी ठेवलेलीच होती.

त्याने बाही सारून स्वतःचा हात घातला. कातडी सोलली तरी रेटत राहिला.

"अहो, हात मोडून घ्याल," प्लंबर म्हणाला.

"मोडू दे."

आई दाराबाहेर खुर्चीवर बसून हे सगळं बघत होती.

"मी घालून बघू का हात?" ती म्हणाली.

"आई, तू मध्ये पडू नकोस."

"गुडघे गेलेत माझे, हात नाही गेले."

प्लंबरने तिच्या मनगटाकडे पाहिलं. काटकीएवढं होतं. "वरून तेल सोडलंय," तो हळूच म्हणाला. "नट प्लास्टिकचा आहे. बोटांत आला तर फिरेल."

मुलाने बादली पालथी घालून तिला वर बसवलं आणि मागून काखेत धरलं. तिने गाल टाइल्सना टेकवला, डोळे मिटले आणि हात आत सोडला. मनगट गेलं, कोपरही गेलं.

"मावशी, दिसत नाही ना काही? मी सांगतो तसं..."

"तीस वर्षं प्रसूतिगृहात होते मी. न बघताच काम असायचं. आणि तिथे बाई ओरडायची, हे तुमचं यंत्र निदान गप्प आहे."

प्लंबर हसला. मुलाला हसू आलं नाही. तिचं सगळं वजन त्याच्या हातांवर आलं होतं.

"सापडला," ती म्हणाली.

"फिरतोय?"

"नाही."

तिने पुन्हा पुन्हा जोर लावला. तिच्या कपाळावरचा घाम टाइलवर ओघळला. "राहू दे, आई," मुलगा म्हणाला. "माझंच चुकलं. राहू दे आता."

"धर मला नीट," ती म्हणाली.

मग आत कुठेतरी करकर झाली आणि नळीतलं उरलंसुरलं पाणी फरशीवर आलं. तिचा काळवंडलेला हात बाहेर आला तेव्हा मुठीत नट होता.

जुनी टाकी हलली आणि पुढचं काम सोपं झालं. पावणेचारला प्लंबरने नवा कमोड बोल्टने आवळला. "पाणी सोडायचं बटण टाकीच्या वर, मागे आहे," तो हत्यारं भरताना म्हणाला. "बसल्या जागेवरून हात पोचत नाही. उठूनच दाबायचं, मावशी."

बहीण आली तेव्हा मुलगा बंद दारासमोर उभा होता.

"आत आहे?"

त्याने मान डोलावली.

"कडी लावलीय? तू लावू कशी दिलीस?"

"मला विचारलंच नाही तिने."

दोघं उभी राहिली. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. एकदा बादली सरकल्याचा आवाज आला आणि पुन्हा सगळं शांत. मुलाने दार ठोठावायला हात उचलला. बहिणीने तो धरला.

"थांब ना," ती म्हणाली. "थोडा वेळ दे तिला."

तिने त्याचा हात सोडला नाही.

आत धो धो पाणी सुटलं.

बहिणीने डोळे पुसले, दाराजवळची बॅग उचलली आणि आईच्या खोलीत नेऊन रिकामी करायला घेतली.